दार तुटतं त्याआधी

आपल्या इंदुरात रामबागेत, नारायण बागेत किंवा लोकमान्य नगरात कुणालाही विचारा, टीव्हीवरच्या 'सीआयडी' या तपासमालिकेचा सगळ्यात चांगला भाग कुठला? नाव कुणी सांगणार नाही. 'तो बर्फवाला', 'तो लिफ्टवाला', 'तो जुळ्या भावांचा, ज्यात शेवटी मावशीच निघाली' अशा खुणा सांगितल्या जातील आणि समोरचाही 'हां हां, तोच' म्हणून मान डोलावेल. दोघांच्या डोक्यात दोन वेगळे भाग असतात, ही गोष्ट निराळी.

त्यात त्यांचा दोष नाही. २१ जानेवारी १९९८ च्या बुधवारी सुरू झालेली ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली तेव्हा भाग भरले होते १५४७. सरासरी पाऊण तास धरला तर साडेअकराशे तासांच्या वर. रोज आठ तास, नोकरीवर बसल्यासारखं बसलं तरी जवळजवळ पाच महिने लागतील. एवढ्या ढिगातून 'सर्वोत्तम दहा' काढणाऱ्यांनी ढीग उपसलेला नसतो, वरवरचा थर पाहिलेला असतो.

तेव्हा यादीपेक्षा कसोटी बरी. माझी कसोटी दाराची आहे. दार तोडण्यापूर्वी कुणी त्या दाराकडे नीट बघितलं का? बघितलं असेल तर भाग चांगला निघण्याची शक्यता बरीच. दारं तोडणाऱ्या इन्स्पेक्टर दयाला हुकूम झाला, त्यानं खांदा मारला आणि सगळे आत घुसले, एवढंच असेल तर पुढचा अर्धा तास हातात मोबाईल घेऊन बघायला हरकत नाही.

दार हा पुरावा असतो, आणि फोडलं की पहिल्यांदा तोच जातो. कडी आतून लावलेली होती की नुसतीच लोंबत होती, कोयंड्यावर धूळ होती की ताजी घासलेली खूण, मुठीवर कुणाची बोटं उमटली होती, हे सगळं एका लाथेत संपतं. बंद खोलीतल्या खुनाची अर्धी मजा कडीत असते. तीच उखडून जमिनीवर पडली की 'खोली आतून बंद होती' हे फक्त घरच्या नोकराच्या तोंडी उरतं, आणि मालिकेत नोकराचं तोंड किती विश्वासाचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवाय प्रत्येक दार तुटत नाही. आत उघडणारं दार लाथेनं उघडतं ते कुलपाच्या बाजूला, कुलपाच्या उंचीच्या आसपास मारलं तर. मधल्या फळीवर मारलं की पाय दुखतो नाहीतर पाय फळीतून आरपार जाऊन अडकतो. तुटते ती बहुधा फळी नव्हे, चौकट. कडीची पट्टी जिथे अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंनी बसवलेली असते तिथे लाकूड फाटतं. त्याच जागी तीन इंची स्क्रू असते तर दयाच्या खांद्याचा एक्स-रे काढावा लागला असता. बाहेर उघडणाऱ्या दाराला लाथ मारणं तर व्यर्थच, कारण चौकटीची खाच त्याला आत जाऊच देत नाही. तिथे पहार घालून बाहेर ओढावं लागतं, किंवा बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्यांच्या खिळ्या काढाव्या लागतात. आणि आपल्या जुन्या इंदुरातल्या वाड्यांची दुपाखी सागवानी दारं, ज्यांना आतून भिंतीच्या खोबणीत सरकणारी आगळ असते, ती एका माणसाच्या खांद्याची नाहीतच. राजवाड्याच्या लोखंडी खिळे ठोकलेल्या दरवाज्यापुढे दयानं खांदा चोळत चहा मागवला असता.

दुसरी कसोटी गराडूची, म्हणजे तळून खायच्या कंदाची. थंडीत सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूवाल्याकडे बघा. फोडी आधी एकदा तळून, फिकट असतानाच बाहेर काढून ठेवलेल्या असतात; गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात, वर जीरावन मसाला आणि लिंबू. पहिल्या तळणीत तो आतून शिजतो, दुसरीत बाहेरून कुरकुरीत होतो. कच्चा गराडू दुसऱ्या तळणीत उघडा पडतो: बाहेर करपतो, आत तसाच दगड. भागाचंही तेच. खुनी माहीत असताना पुन्हा बघायला बसा. खुनी पहिल्या दहा मिनिटांत जे बोलला ते आता दुहेरी अर्थाचं ऐकू येतं का? त्यानं पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलला होता का? ऐकू आलं, दिसलं, तर भाग शिजलेला. आणि शेवटच्या सात मिनिटांत कधी न दाखवलेला भाऊ, कधी न उल्लेखलेला विमा किंवा चेहऱ्यावरून सोलून काढायचा रबरी मुखवटा आला, तर तो कच्चा. मधल्या-शेवटच्या वर्षांत मुखवटे आणि भुताटकी फार वाढली, असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल वाद घालायला माझी तयारी आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट दोन भागांत चालायची, म्हणजे पहिल्या आठवड्यात प्रेत आणि पुढच्या आठवड्यात पत्ता. चोरलेल्या बंदुकीच्या पहिल्याच प्रकरणापासून हा रिवाज होता. या मांडणीचा फायदा असा की मधल्या सात दिवसांत घराघरात तपास चालायचा. पहिल्या भागात दाखवलेली वस्तू दुसऱ्यात वापरावीच लागायची, कारण प्रेक्षकानं ती आठवडाभर जपून ठेवलेली असायची. एका बैठकीत गोष्ट संपवायची ठरली की लेखकाला ती उधारी फेडावी लागत नाही. नव्यानं बघायला बसणाऱ्यानं म्हणूनच १९९८ ते २००० च्या आसपासचे जोडभाग आधी बघावेत. त्यात आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून दिसतात, ही वरकड मिळकत. एकच खबरदारी घ्यावी. मोबाईलवर भाग निवडताना नावाशेजारचं छोटं चित्र बघू नये. त्यात पुष्कळदा खुनीच हातात सुरा घेऊन उभा असतो.

मग येतो तो १११ मिनिटांचा, 'द इनहेरिटन्स'. ८ ऑक्टोबर २००४ ला लोणावळ्यात एका दमात चित्रित झालेला, ७ नोव्हेंबरच्या रविवारी दाखवलेला, मधे एकही काप नाही. गिनीजमध्ये नोंद झाली ती यासाठी. पण विक्रम सोडून द्या, याची कारागिरी वेगळीच आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचं हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. म्हणजे फिल्मवर हेच करायचं तर दहा रिळं लागली असती आणि एक काप नको म्हणता म्हणता नऊ झाले असते. व्हिडिओमुळे ते जमलं. पण कॅमेरा चालता राहिला की बाकीच्यांची पंचाईत होते. दिवे ठेवायला जागा नाही, कारण कॅमेरा वळून कुठेही बघणार. माइकची काठी नाही, तिची सावली भिंतीवर पडणार. ऐंशीव्या मिनिटाला एकजण वाक्य विसरला की आधीची एकोणऐंशी मिनिटं केरात. मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग स्वतः छायाचित्रणाकडून आलेले, दूरदर्शनसाठी वर्षानुवर्षं बातम्यांचा कॅमेरा धरलेले. हे धाडस त्यांनाच सुचावं.

कथेवर याचा परिणाम काय होतो, ते बघण्यासारखं आहे. काप नाही म्हणजे 'दुसऱ्या दिवशी' नाही. पडद्यावरचा वेळ आणि घड्याळातला वेळ एकच. कोण कुठे किती मिनिटं नव्हतं हे प्रेक्षक घड्याळ लावून मोजू शकतो, लेखकाला बनाव करायला फट उरत नाही. नेहमीच्या भागात रुमालाचा जवळून घेतलेला तुकडा मधेच चिकटवला की प्रेक्षकाला कळतं, हा रुमाल लक्षात ठेवायचा. इथे कॅमेऱ्याला चालत रुमालापर्यंत जावं लागतं, आणि चालत गेला की सगळ्यांचं लक्ष जातं. म्हणून सुगावा माणसांच्या हातातूनच फिरवावा लागतो. जुन्या नाटकवाल्यांना हे शिकवावं लागत नाही, पण मालिकेच्या मंडळींना हे एरवी करावं लागत नसे.

आता मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ, डॉक्टर साळुंखे. प्रेताला हात लावला की 'काल रात्री दहा ते अकरा'. खरं गणित असं आहे की मृत्यूनंतर शरीर ताशी साधारण दीड अंश फॅरनहाइटनं थंड होत जातं, भोवतालच्या हवेच्या तापमानापर्यंत. हा नियम थंड देशात बरा. इंदुरात मेच्या दुपारी पारा बेचाळीसवर असतो, म्हणजे हवाच शरीरापेक्षा गरम. पत्र्याच्या खोलीत पडलेलं प्रेत थंड होण्याऐवजी तापत जाईल आणि थर्मामीटरवरून काढलेली वेळ साफ चुकेल. ताठरपणाचंही तसंच. तो पापण्या आणि जबड्यापासून दोन-चार तासांत सुरू होतो, बारा तासांत अंगभर होतो आणि मग उतरतो. उन्हाळ्यात लवकर येतो, लवकर जातो. त्यापेक्षा खालच्या बाजूला साकळलेल्या रक्ताचे जांभळट डाग जास्त इमानदार. पहिल्या काही तासांत बोटानं दाबलं तर ते फिके पडतात, नंतर पडत नाहीत. माणूस पालथा सापडला आणि डाग पाठीवर असले तर मेल्यावर त्याला कुणीतरी उलटवलंय. ज्या भागात साळुंखे डाग बघून एवढंच म्हणतो, तो सोडू नये.

परीक्षानळीत निळं पाणी हिरवं होणं ही शोभा. रक्ताची साधी चाचणी गुलाबी होते, तीही 'रक्त असू शकतं' एवढंच सांगते. कागदावरचे ठसे निनहायड्रिननं जांभळे उमटतात, पण ऊब दिली नाही तर तास नाही, दिवस लागतात. आपल्याकडे मध्य प्रदेशची मुख्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला. विषाची शंका असली की पोटातलं, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडाचे अर्धे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात, बाटलीत, सीलबंद. लोणचं घालताना मीठ किती पडतं हे ज्या घरात माहीत आहे त्यांना हे समजायला अवघड नाही: मीठ कमी पडलं की सडतं. मग अहवालाची वाट बघायची. 'जाहिरातीनंतर लगेच अहवाल' फक्त टीव्हीत. एका बाबतीत मात्र कायदाच साळुंखेच्या वाटेवर आलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आणि चित्रीकरण करायचं, अशी तरतूद आहे. राज्यांना ती अमलात आणायला पाच वर्षांची मुदत.

खुनी ओळखायच्या घरगुती युक्त्या सगळ्यांकडे आहेत. ओळखीचा चेहरा आणि काम दोन वाक्यांचं, म्हणजे तोच. पहिल्यांदा पोलिसांना फोन करणारा. चहा विचारणारी वहिनी. याला तपास म्हणत नाहीत, पण मजा येते.

एक भाग मात्र या कसोट्यांच्या बाहेर ठेवावा लागतो: ज्यात या पथकाचा प्रमुख एसीपी प्रद्युम्न याच्या हातून स्वतःच्या मुलाला, नकुलला गोळी लागते. तिथे सुगावा-बिगावा कुणी बघत नाही. प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम अभिनय कमी करतात, आणि ती नेहमीची हवेत फिरणारी बोटं थांबतात. बाहेर हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या शहरात त्यांच्या हिंदीतला तो मराठी हेल कुणाला खटकत नाही, कारण आपलाही तसाच आहे. बी. पी. सिंगांच्या 'एक शून्य शून्य'मध्ये ते मराठीतच तपास करत होते, हे जुनी माणसं आवर्जून सांगतात. नव्या पर्वात, एप्रिल २०२५ मध्ये, प्रद्युम्नला स्फोटात मारलं आणि पुढे परतही आणलं. हे बरं नव्हे. नकुल परत आला नाही, म्हणून तो भाग वजनदार आहे.

मालिका रात्री दहा-साडेदहाला असायची, तेव्हा भाग संपायच्या सुमाराला सराफा भरात आलेला असे आणि जुन्या वाड्यांतून मात्र आगळ लावायची वेळ झालेली. ती आगळ जवळून बघावी. वर्षानुवर्षं सरकवून लाकडाची एक कड झिजलेली असते, डाव्या बाजूला जरा जास्त. ती रोज डाव्या हातानं कोण लावतं, हे घरातल्या कुणालाही विचारावं लागत नाही.