पिंडारी : नदी म्हणेल तशी वाट

पिंडारी, म्हणजे उत्तराखंडातल्या कुमाऊँमधल्या पिंडारी ग्लेशियरचा (हिमनदीचा) ट्रेक, म्हटलं की ट्रेकवाले लगेच म्हणतात, "हां, तो सोप्पा आहे रे, बिगिनर्सचा." चढाच्या हिशोबाने म्हणाल तर खरंय, ज्याने नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय त्याला इथला चढ काहीच वाटणार नाही. पण इथे प्रश्न चढाचा नाहीच मुळी. इथे वाट कुठून जाणार ते त्या ग्लेशियरमधून निघणारी पिंडर नदी ठरवते, आणि तिचं काही खरं नाही.

पोचायचं कसं ते पटकन सांगतो. दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस, सकाळी काठगोदाम, मग जीपने अल्मोडा, बागेश्वर, कपकोट करत थेट खरकिया. पूर्वी लोहारखेत-धाकुडी चालत यावं लागायचं, आता जीप खरकियापर्यंत येते, शेवटच्या टप्प्यात हाडं खिळखिळी होतात ते सोडा. तिथून खाती साधारण ५ किलोमीटर. खाती हे या वाटेवरचं शेवटचं गाव, उंची २२०० मीटरच्या आसपास, आणि ऑक्टोबरमध्ये गेलात तर सगळीकडे राजगिऱ्याची लालभडक शेतं! आपण उपासाला लाडू खातो त्याचं झाड असं माणसाच्या खांद्याएवढं असतं हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. एक आजी अंगणात ताडपत्रीवर ती लाल कणसं काठीने झोडपत होत्या, दाणे खाली आणि भुसा सगळा त्यांच्या केसात. आम्ही फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या, पहिले थोडा पीट दो. मग काय, आळीपाळीने झोडपलं.

खाती ते द्वाली हे ११ किलोमीटर म्हणजे या ट्रेकचा जीव. बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचं दाट जंगल, फांद्यांवर शेवाळ लोंबतंय, मध्येच रिंगाळाच्या बारीक बांबूची बेटं, आणि उन्हाचे कवडसे इतके थोडे की अकरा वाजतासुद्धा स्वेटर काढवत नाही. खाली नदी सतत गर्जत असते, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. पाणी हिरवट-पांढरं, कारण वर बर्फ सरकताना खालचा दगड अक्षरशः दळत असतो आणि ते पीठ पाण्यात उतरतं, त्यामुळे उन्हाळ्यात बर्फ जोरात वितळतो तेव्हा तर नदी अजून गढूळ असते.

आमच्यात एक मॅरेथॉनवाला होता, त्याचं आधीपासून चाललं होतं की हा पॅच मी पळत करणार. पळाला पण, छान पळाला, पहिल्या भूस्खलनापर्यंत. तिथे डोंगराचा अख्खा कुशीचा भाग खाली आलेला, वाट म्हणजे मुरमावर पावलापुरती चरी आणि खाली सरळ नदी. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला जे झालं तेव्हा या खोऱ्यातही पिंडरने पूल आणि वाटेचे मोठमोठे तुकडे नेले. जुनी मळलेली वाट मधूनच दिसते, दगडी कठडा वगैरे अजून शाबूत आणि दहा पावलांवर हवेत संपलेली! मग तुम्ही वर चढा, वळसा घाला, परत खाली या. आमचे गाईड दाज्यू (कुमाऊँत मोठ्या भावाला दाज्यूच म्हणतात) नकाशा बघणाऱ्या पोरांकडे बघून नुसते हसायचे.

द्वालीला कफनी नदी येऊन पिंडरला मिळते. तिथला पूल म्हणजे काय तर लांब ओंडके, वर फळ्या आणि चपटे दगड, फटीतून खालचं पाणी दिसतं. दाज्यू म्हणाले, "एक-एक करके, और नीचे मत देखना." सगळ्यांनी खाली बघितलंच.

पुढे ५ किलोमीटरवर फुरकिया, ३२६० मीटर. तिथे रात्री बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती, यापलीकडे फुरकियाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहाटे अंधारातच निघायचं, कारण नंतर ढग वर यायला लागले की मग गुडघाभर गवत आणि धुकं एवढंच बघून परत यायचं. थोड्या वेळाने झाडं संपतात, शेवटची भोजपत्रं मागे राहतात आणि सोनेरी झालेली बुग्यालं, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, सुरू होतात. अन्वाल, म्हणजे इथले मेंढपाळ, तोपर्यंत मेंढ्या घेऊन खाली गेलेले असतात, नुसते दगडी गोठे उरलेले.

आणि मग झिरो पॉइंट. नाव ऐकून पाटी-बिटी, रेलिंग असेल असं वाटतं, प्रत्यक्षात जमीनच कापल्यासारखी संपते. गवताची कड हवेत लोंबतेय, दोन हात अलीकडे जमिनीला भेगा, दाज्यूंनी आम्हाला तिथून मागेच ओढलं. समोर नंदाखाट आणि छांगुच ही शिखरं, त्यांच्यामधून उतरणारा तडकलेला निळसर बर्फ. खालचा भाग मात्र काळा-राखाडी, दगडमातीने झाकलेला, ग्लेशियर म्हणजे पांढरंशुभ्र काहीतरी अशी कल्पना असेल तर निराशा होईल. १८४५ ते १९६६ या काळात हा ग्लेशियर सुमारे २८४० मीटर मागे गेल्याची नोंद आहे, म्हणजे वर्षाला २३ मीटरच्या आसपास. आकडा वाचून काही कळत नाही, तिथे उभं राहून खालचा तो रिकामा दगडी खड्डा बघितला की कळतं. आम्ही बघत असताना सुद्धा समोरच्या उतारावरून दगड सुटत होते, आधी धूळ दिसायची आणि आवाज नंतर यायचा.

वरच्या धारेवर, नंदादेवी आणि नंदाकोटच्या मध्ये, जी खिंड आहे तिला ट्रेल पास म्हणतात, १८३० मध्ये ट्रेल नावाचा कुमाऊँचा इंग्रज कमिशनर तिकडे गेला म्हणून. वाट दाखवणारा होता सुपी गावचा मलक सिंह. नाव कोणाचं लागलं ते आलंच लक्षात.

जायचं असेल तर मे-जून नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पण ऑक्टोबर म्हणजे सेफ असंही समजू नका, २०२१ मध्ये ऑक्टोबरमध्येच अवकाळी पाऊस-बर्फ झाला आणि शेजारच्या सुंदरढुंगा खोऱ्याच्या बाजूला काही ट्रेकर दगावले. एक-दोन दिवस हातात जास्तीचे ठेवा, रोख पैसे ठेवा, परतीची तिकिटं अगदी टाइट काढू नका. खातीत पोचलात की चहाच्या आधी विचारायचं, द्वालीचा पूल जागेवर आहे का. नसेल तर सरळ धाकुडीला जा, तिथून शिखरांची रांग मस्त दिसते आणि मध्ये नदी येत नाही.