तिसरी चिठ्ठी उरली

"नामाऐवजी येणाऱ्या शब्दाला सर्वनाम म्हणतात" ही व्याख्या मी तिसरीच्या फळ्यावर लिहीतच नाही. मुलं ती घडाघडा पाठ करतात आणि लगेच "शाळा बंद होता, तो उद्या उघडेल" असंही म्हणतात. आमची शाळा मेळघाटात, धारणी तालुक्यात. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी कोरकू बोलतात, आठवडी बाजारात हिंदी कानावर पडते, आणि मराठी म्हणजे पाठ्यपुस्तक आणि मी.

नामाच्या जागी सर्वनाम बसवायचं खरं, पण कुठलं? मराठी घरातलं पोर पहिलीत येतं तेव्हा चूल 'ती' आणि घर 'ते' हे त्याला न शिकवता येत असतं. त्याच पोराला समोर धरून आमच्या कृतिपत्रिका छापतात. "मीना बाजारात गेली. ____ भाजी आणली." इथे मुलाने 'ती' लिहिलं तर चूक, 'तिने' हवं. म्हणजे एका रिकाम्या जागेत लिंगही तपासायचं आणि विभक्तीही, आणि शेवटी गुण एकच.

म्हणून मी पुस्तकाचा क्रम उलटा करते. आधी 'त्याला' आणि 'तिला'. 'तो' असो की 'ते', दोघांचं 'त्याला'च होतं, त्यामुळे तीन घरांची दोनच उरतात. अनेकवचनात तर 'त्यांना' एवढं एकच. त्यावर जीभ बसली की मग तो-ती-ते. आणि नाम कधी एकटं द्यायचं नाही, क्रियापदासकट द्यायचं: दगड पडला, फांदी पडली, पान पडलं. टाळ्यांवर म्हणायचं. पडला-पडली-पडलं कानात बसलं की तो-ती-ते मागून येतं. हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. प्रशिक्षणात चहा आणि फोटो वेळेवर होतात.

त्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब वर्गात बसले होते. चित्रकार्डं मांडली होती: बैल, गाय, वासरू, बाई, सूर्य, दगड, नदी, झाड, चूल, घर. शेजारी तो, ती, ते अशा तीन चिठ्ठ्या. प्रत्येक कार्ड आपापल्या चिठ्ठीखाली ठेवायचं. साहेबांनी एका मुलीला उठवलं. एरवी ती फारसं बोलत नाही. तिने कार्डं भराभर लावली, एकदाही न अडखळता, आणि 'ते'ची चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. ती उरली होती.

ढीग दोनच. एकात बैल, गाय, वासरू, बाई आणि सूर्य. दुसऱ्यात दगड, नदी, झाड, चूल, घर.

साहेबांनी तक्त्यात खूण केली, "सराव वाढवा मॅडम" म्हणाले आणि पोषण आहाराची नोंदवही मागितली. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या तक्त्यात 'तीन गट करता येतात' यापुढे हो आणि नाही एवढेच रकाने होते, आणि पोरीने नेमकं काय केलं ते पाहायला तक्त्यातून मान वर करावी लागली असती.

मला मात्र ते ढीग सोडवेनात. जिवंत एकीकडे, निर्जीव दुसरीकडे हे कळलं, पण सूर्य बैलाशेजारी कसा? गावातल्या अंगणवाडी सेविका कोरकूच आहेत, त्यांना विचारलं. त्या हसल्या, "सूर्य देव आहे ना मॅडम." झाड दगडाजवळ का, याचं त्यांना काही वाटलंच नाही.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथालीच्या नात्यातली. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांवर होते. तिच्यात बाई-पुरुष हा भेद सर्वनामाला नाही. सजीव की निर्जीव, ते बघतात. वचनंही दोन नाहीत, एक, दोन आणि अनेक अशी तीन आहेत. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक तिच्यात पक्का आहे. म्हणूनच ही मुलं तिथे कधी चुकत नाहीत. माझी अमरावतीतली भाची पाहुण्यांना खुशाल सांगते, "आपण काल चिखलदऱ्याला गेलो होतो." पाहुणे बिचारे घरातच होते. आमच्या तक्त्यांना या मुलांचं मराठी 'कच्चं' दिसतं. मुलीने नियम मोडला नव्हता, तिचा नियम वेगळा होता.

पुढच्या तासाला मी तिचे दोन ढीग तसेच ठेवले आणि प्रत्येकातून पडला-पडली-पडलं करून पुन्हा वाटायला सांगितलं. गाय आणि बाई झटकन सुटली. वासरू आधी 'तो'खाली गेलं, मग "वासरू पडलं" असं स्वतःशीच पुटपुटून तिने ते हलवलं. दुसऱ्या ढिगाशी ती थांबली. चुलीचं कार्ड हातात धरून म्हणाली, "मॅडम, चूल बाई आहे का?"

"नाही."

"मग ती का?"

"असंच म्हणतात" हे उत्तर मला वर्गात द्यायला आवडत नाही, आणि दुसरं माझ्याकडे नव्हतं. शिवाय पुढचा खड्डा मला दिसतच होता. 'ती कुत्री भुंकते' म्हटलं तर एक मादी, 'ती कुत्री भुंकतात' म्हटलं तर कुत्र्यांची टोळी. 'ते' म्हणजे एक झाडही, अनेक मुलगेही आणि एकटे आलेले साहेबही. तिच्या घरच्या भाषेत असली सरमिसळ सोसून घेत असतील असं मला वाटत नाही.

शिक्षण परिषदेत मी हा प्रकार सांगितला. एक अनुभवी गुरुजी म्हणाले, "एवढं काय मॅडम, सांगून टाका की शेवटी ई आली की स्त्रीलिंगी." चुलीच्या शेवटी कुठे आहे ई? आणि त्यांच्या या नियमावर विसंबून मी वर्गात गेले, आणि गठ्ठ्यातून पहिलंच कार्ड हत्तीचं निघालं तर?