ब्रिक लेन: कापडावर जगलेली वस्ती

पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेन आणि फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांची एक साधी इमारत आहे. फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनो, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी ती 1743 मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली, 1898 मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि 1976 पासून तिथे मशीद आहे. सगळे मार्गदर्शक इथे थांबून हेच सांगतात. मला मात्र वाटतं, या भागाची, म्हणजे स्पिटलफील्ड्सची खरी ओळख धर्मापेक्षा कापडाशी बांधलेली आहे.

1685 मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं, तेव्हा पळून आलेल्यांमध्ये रेशीम विणणारे बरेच होते. फोर्निए स्ट्रीटवरून चालताना मान वर करून पाहा. पोटमाळ्यांना रुंद खिडक्या दिसतील. रेशमाच्या बारीक कामाला भरपूर उजेड लागतो, म्हणून माग वर मांडलेले असत.

या विणकरांची आपल्याकडच्या कापडाशी उघड लढाई झाली, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून छापील सुती कापड आणायची. स्वस्त, हलकं, रंग न जाणारं. 1719 मध्ये चिडलेल्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे कपडे फाडले. अखेर 1721 मध्ये संसदेने अशा कापडाच्या वापरावर बंदी घालणारा कायदा केला. आपल्या रंगाऱ्यांचं आणि विणकरांचं कसब किती वरचं होतं, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

रेशमाचा धंदा एकोणिसाव्या शतकात बसला. मग 1881 नंतर रशियातल्या हिंसाचारातून सुटलेले ज्यू आले आणि शिवणकामाला लागले. त्यांच्यानंतर आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे बंगाली आले. सुरुवातीला ब्रिटिश जहाजांवरचे खलाशी, नंतर कपड्यांच्या कारखान्यांतले कामगार. आज गल्लीच्या नावाच्या पाट्याही बंगालीत आहेत. अल्ताब अली हा असाच एक कामगार. 4 मे 1978 रोजी कामावरून घरी जाताना वंशद्वेषातून त्याचा खून झाला. त्याच्या शवपेटीमागून हजारो लोक डाउनिंग स्ट्रीटपर्यंत, म्हणजे पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. जवळच्या बागेला आता त्याचं नाव आहे, आणि तिथे ढाक्यासारखा शहीद मिनारही, म्हणजे बंगाली भाषेच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारकही उभं आहे.

लंडनला आलात तर ब्रिक लेनला करी खायला जरूर जा. पण आधी या बागेत जा.