हौदांच्या वाटेनं पुणं

पुण्याच्या पेठांतून पायी फिरायचं तर नकाशापेक्षा उताराकडे लक्ष ठेवावं. कात्रजच्या डोंगराकडून मुठेकडे सगळं गाव हळूहळू उतरत येतं. गाडीवरून हे कळत नाही, कारण गाडीवर असताना सगळं लक्ष समोरच्या गाडीकडे असतं. पायांना मात्र लगेच कळतं. आणि एकदा हा उतार कळला की जुनं पुणं कुणी कुठे आणि का वसवलं, याची अर्धी उत्तरं मिळतात.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी याच उताराचा उपयोग केला. कात्रजला ओढ्यावर बांध घातले आणि तिथून थेट शहरापर्यंत जमिनीखालून दगडी बांधीव नळ आणला. नळ म्हणायचं खरं, पण काही ठिकाणी माणूस आत उभा राहून चालेल एवढा त्याचा घेर. पंप नाही, यंत्र नाही, पाणी आपल्या वजनानं खाली येणार. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि साफसफाईला माणूस आत उतरू शके. सातारा रस्त्याच्या आसपास यांतले काही दगडी चौथरे अजून दिसतात. त्यांना टेकून गाड्या लावलेल्या असतात.

शहरात पोचलेलं हे पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद, सदाशिव पेठेतला हौद. यांतले काही अजून आहेत, काही रस्तारुंदीत गेले, काही फक्त गणपती मंडळांच्या नावांत उरले. रिक्षावाल्याला ‘फडके हौद’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. परगावचा पाहुणा उतरतो आणि हौद शोधत चौकाला दोन फेऱ्या मारतो. मला यात गैर काही वाटत नाही. वास्तू गेली तरी पत्ता टिकतो, हा पुण्याचा जुना शिरस्ता आहे.

शनिवारवाड्याबद्दल मी फार बोलणार नाही, त्याच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. 1828च्या आगीत आतलं बहुतेक सगळं गेलं. कात्रजचं पाणी या वाड्यातही खेळवलेलं होतं आणि त्याची आठवण म्हणून सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं राहिलं आहे, एवढं सांगून मी पुढे सटकतो. कारंज्याचं पाणी पाहण्याचं, हौदाचं पिण्याचं. गोष्टी पिण्याच्या पाण्याभोवती जास्त घडतात.

कारण उतार होता म्हणून पाणी सगळ्या पेठांत पोचलं, तरी हौदापाशी पोचल्यावर ते सगळ्यांना मिळालं असं नाही. घागर कोण बुडवणार आणि लांब उभं राहून ओंजळ कोण धरणार, हे जातीवरून ठरे. पेठांमधून वारशाच्या सहली निघतात, त्यात दगडी बांधकामाचं कौतुक भरपूर होतं. ते करावंच, बांधकाम आहेच तसं. पण ही दुसरी गोष्ट बहुतेक वेळा पाण्याच्या दाबाच्या वर्णनात बुडून जाते. ती सांगायची तर पूर्वेकडच्या पेठांत जावं लागतं.

गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव आणि सावित्रीबाईंचं घर आहे. स्मारक म्हणून आता ते नीट राखलेलं आहे, बसगाड्या भरून शाळेची मुलं येतात. 1868 साली जोतीरावांनी या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी सार्वजनिक हौदाबद्दल सभा घेतली नाही, अर्ज केला नाही; आधी स्वतःच्या अंगणातला हौद मोकळा केला. हेच जोतीराव पुढे पुण्याजवळ धरणाचं काम निघालं तेव्हा त्याला बांधकामाचं साहित्य पुरवत होते आणि 1876पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासदही होते. समाजसुधारकाच्या पुतळ्यात हा ठेकेदार सहसा दिसत नाही. मला तो पाहायला आवडेल. दगड, चुना आणि मजुरीचा हिशेब ठाऊक असलेला माणूस पाण्याबद्दल बोलतो तेव्हा ते हवेतलं बोलणं राहत नाही.

जोतीरावांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर विश्राम रामजी घोले हे सत्यशोधक समाजातले त्यांचे सहकारी. शिवाजीनगरचा घोले रस्ता यांच्याच नावाचा. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना घोले म्हणजे कोण ते विचारून पाहा, बहुतेक जण कुणीतरी इंग्रज असणार असं सांगतील. घोल्यांची लाडकी मुलगी काशी. घरात तिला बाहुली म्हणत. वडील तिला शिकवत होते आणि नातेवाइकांना ते पसंत नव्हतं. बाहुली अगदी लहान वयात गेली. तिच्या आठवणीसाठी डॉक्टरांनी हौद बांधला आणि तो सगळ्या जातींच्या लोकांना खुला ठेवला. तोच बाहुलीचा हौद.

ती कशी गेली याबद्दल पुण्यात एक गोष्ट सांगतात. मुलीचं शिकणं सहन न होऊन कुणीतरी तिला काच कुटून घातलेला लाडू दिला, अशी ती गोष्ट. ही आख्यायिका आहे, पुरावा मागू नये. पण ती इतक्या पिढ्या सांगितली गेली, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही ती अशक्य वाटली नाही. मुलगी शिकते म्हणून तिला मारणं हे त्यांना आपल्याच आळीतलं वाटलं. मला त्या लाडवापेक्षा याची भीती जास्त वाटते.

फुलेवाड्यापासून थोडं चाललं की गुरुवार पेठ, पूर्वीची वेताळ पेठ. इथे पंचहौद मिशन आहे. उंच मनोऱ्याचं चर्च पेठेतल्या वाड्यांच्या आणि नव्या इमारतींच्या गर्दीत अचानक समोर येतं. 14 ऑक्टोबर 1890ला इथे व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. व्याख्यान झालं आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी कप नुसता हातात धरला म्हणतात. व्याख्यानाचा विषय आज कुणाच्या लक्षात नाही, चहा मात्र इतिहासात गेला.

कारण तिथे गोपाळराव जोशी होते. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान; विक्षिप्त, बुद्धिमान आणि लोकांची फजिती करण्यात पटाईत. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या घरी चहा म्हणजे धर्म बुडाला. सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांकडे नेलं. तिकडून चौकशीला माणसं नेमली गेली, साक्षी झाल्या, जबाब झाले. घरोघरी ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्यावरून जातीतले तंटे, सुरू झालं आणि चहा प्यायलेल्यांच्या घरी श्राद्धाला भटजी मिळेना. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत असं सांगितलं. रानड्यांनी पुढे 1892मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांचीच बोलणी खाल्ली.

गंमत अशी की या मिशनला नावच मुळी हौदांवरून पडलेलं. चौकशीत कप कुणाचा होता, चहा कुणी दिला, कोण किती घोट प्यायलं हे सगळं कसून तपासलं गेलं. चहात पाणी कुठल्या हौदाचं होतं, हे मात्र कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.