चौदा मिनिटांचा पेशंट

सराव परीक्षेच्या निकालपत्रावर एका पेशंटने एकच ओळ लिहिली होती: ‘न सांगता पाठीवर हात ठेवला, मी दचकले.’ माझं निदान बरोबर होतं, तपासणीही बरोबर होती. तरी संवादाच्या भागात मी नापास झाले होते आणि खरी परीक्षा सात आठवड्यांवर आली होती.

ती खरी परीक्षा म्हणजे कॉमलेक्स लेव्हल टू पीई, डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या परीक्षांपैकी एक. अमेरिकेत डॉक्टर होण्याचे दोन रस्ते आहेत, एमडी आणि डीओ. मी डीओच्या, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या कॉलेजात होते. साताऱ्याची माझी आजी शेवटपर्यंत सगळ्यांना ‘नात हाडवैद्य होतेय’ असंच सांगायची. तिचं फारसं चुकतही नव्हतं, कारण बऱ्याच देशांत ऑस्टिओपॅथ म्हणजे फक्त हातांनी उपचार करणारा. अमेरिकेत तसं नाही. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८७४ मध्ये हा विचार मांडला, १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, आणि आज डीओला पन्नासही राज्यांत एमडीइतकेच अधिकार आहेत. औषधं, शस्त्रक्रिया, सगळं. शिवाय स्नायू, सांधे, बरगड्या हातांनी तपासून हातांनीच उपचार करायचं वेगळं शिक्षण.

परवान्याच्या बाकीच्या परीक्षा संगणकासमोर बसून द्यायच्या. पीई मात्र २००४ पासून माणसांसमोर द्यावी लागे. केंद्रं देशभरात फक्त दोन: फिलाडेल्फियाजवळचं कॉन्शोहॉकन आणि शिकागो. मी न्यू जर्सीत एडिसनला राहत असल्यामुळे मला गाडीने जाता आलं. कॅलिफोर्नियातल्या माझ्या मैत्रिणीला मात्र बाराशे डॉलरच्या वर फी भरून पुन्हा विमान आणि हॉटेलचा खर्च करावा लागला, तोही शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना.

परीक्षा अशी असायची. बारा पेशंट. दारावर एक कागद: नाव, वय, तक्रार, नाडी, रक्तदाब. आत गेल्यावर चौदा मिनिटांत विचारपूस, तपासणी, गरज असेल तर हातांचा उपचार आणि पेशंटला समजावून सांगणं. मग बाहेर येऊन नऊ मिनिटांत सोप नोट टाइप करायची: पेशंट काय म्हणाला, आपल्याला काय सापडलं, निदान काय वाटतं, पुढे काय करायचं. आत बसलेले पेशंट आजारी नसत. त्यांना एखादा आजार वठवायला शिकवलेलं असे, स्टँडर्डाइज्ड पेशंट म्हणतात त्यांना. आपण नोट लिहीत असू तेव्हा तेही आपल्याविषयी लिहीत असत: काय विचारलं, काय तपासलं, कसं बोललो. हातांचे उपचार आणि नोट नंतर डीओ डॉक्टर तपासत. वैद्यकीय भाग आणि संवादाचा भाग, दोन्हींत एकाच वेळी पास व्हावं लागे. एकातले गुण दुसऱ्याला उसने देता येत नसत.

माझ्या पुण्यातल्या मामेभावाला हे ऐकून फार आश्चर्य वाटलं. त्याने एमबीबीएसला लाँग केस, शॉर्ट केस दिल्या होत्या. खरा पेशंट, पलंगाशेजारी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेला परीक्षक, आणि प्रश्नांची सरबत्ती. ‘आमच्याकडे पेशंटला मार्कांत काहीच म्हणता येत नाही,’ तो म्हणाला. मला तोवर वाटत होतं की पेशंटने गुण देणं हा परीक्षेचा कच्चा भाग आहे. ज्याला औषध कळत नाही तो डॉक्टरला काय जोखणार? त्या एका ओळीनंतर मला तसं म्हणता येईना. माझा हात तिच्या पाठीवर कसा पडला, हे तिच्याशिवाय कोणाला कळणार होतं?

सराव घरीच सुरू केला. आई रोज रात्री जेवणं उरकली की सोफ्यावर पेशंट होऊन बसायची. आजार मी कागदावर लिहून द्यायचे, पण ती त्यात स्वतःचं मिसळायची. पोटदुखीत सुनेचं भांडण यायचं, धाप लागण्यात गावाकडचं विकलेलं घर. सुरुवातीला मी चिडायचे. ‘आई, चौदाच मिनिटं आहेत गं.’ ती म्हणायची, ‘मग तेवढीच माझी आहेत ना? बोलू दे की.’ तिसऱ्या-चौथ्या रात्री लक्षात आलं की तिला पहिली दोन मिनिटं न अडवता बोलू दिलं, तर माझे निम्मे प्रश्न आपोआप गळतात. आणि एक गोष्ट तिने पहिल्याच रात्री सांगितली होती: ‘अगं, हात किती गार! आधी चोळ, मग लाव. आणि लावण्याआधी सांग.’

तेव्हापासून प्रत्येक तपासणीआधी मी एक वाक्य म्हणायला लागले: ‘आता पाठीला हात लावते, चालेल ना? दुखलं तर लगेच सांगा.’ याला पाच सेकंद लागतात. मी घड्याळ लावून मोजले.

परीक्षेचा दिवस ऑगस्ट २०१९ मधला. पांढरा कोट आणि स्टेथो स्वतःचा न्यायचा असे. माझा कोट आईने इस्त्री करून दिला होता. पेशंटविषयी मी इथे काही सांगणार नाही. गुप्ततेच्या करारावर सही केली होती आणि तो मी पाळते. चौदा मिनिटं आतून कशी वाटतात, तेवढं मात्र सांगता येईल. पहिल्या खोलीत मला घशाला कोरड पडल्याचं आठवतं, बाकी काही नाही. चौथ्या खोलीपासून हात आपोआप सॅनिटायझरकडे जायला लागले.

हातांच्या उपचारांत झटका देऊन सांधा मोकळा करायच्या पद्धतीला तिथे मनाई होती, आणि ते योग्यच होतं. एकाच माणसाची मान दिवसभर एकामागून एक विद्यार्थी झटकायला लागले तर काय होईल! आम्ही सौम्य पद्धती वापरायचो. त्यातली काउंटरस्ट्रेन मला सगळ्यात आवडते. दुखरा बिंदू शोधायचा, अंग असं वळवायचं की तिथलं दुखणं कमी होईल, आणि तसंच धरून ठेवायचं. नव्वद सेकंद. चौदा मिनिटांतली दीड मिनिटं नुसतं धरून राहायचं! सरावात याच दीड मिनिटाची मला धास्ती वाटायची आणि मी घाईने साठलाच सोडून द्यायचे. मग ठरवलं की याच वेळात बोलायचं. धरलेलं असताना घरी काम कोण करतं, झोप कशी लागते, कशाची भीती वाटते, हे विचारायचं. पेशंटचं अंग आपल्या हातात सैल पडत जातं तशी बोलणीही मोकळी होतात. प्रश्नांच्या यादीतून कधी मिळाली नसती अशी माहिती मला त्या दीड मिनिटात मिळाली आहे, परीक्षेतही आणि नंतरही.

निकाल यायला कित्येक आठवडे लागले. पास. आईला फोन केला तर ती आधी म्हणाली, ‘हात गरम होते ना?’

पुढच्याच मार्चमध्ये कोविडमुळे परीक्षा थांबली. २०२१ च्या जानेवारीत एमडींची तशीच परीक्षा, स्टेप टू सीएस, कायमची बंद झाली आणि जून २०२२ मध्ये पीईसुद्धा. विद्यार्थ्याला पेशंट तपासता येतो अशी हमी आता त्याच्या कॉलेजचे डीन देतात. खर्च वाचला, प्रवास वाचला, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या मैत्रिणीचे ते पैसे अन्यायाचेच होते. पण आपल्याला चार वर्षं शिकवणाऱ्यांनीच आपल्याला पास म्हणायचं, हे मला अजून पटत नाही. मला ओळखत नसलेल्या बारा माणसांनी मला तपासलं होतं, आणि माझ्या हाताला त्याची गरज होती.

फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, संपवून आता मी दवाखान्यात बसते. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी चार-चार आठवड्यांसाठी येतात. शेवटी त्यांच्या कौशल्याविषयीच्या फॉर्मवर माझी सही लागते. एखाद्याला पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या समजावणीपर्यंत संपूर्ण पेशंट तपासताना पाहिल्याशिवाय मी ती करत नाही. म्हणून दुपारचा एक पेशंट कमी घेते. आणि पहिल्या दिवशी, पेशंट यायच्या आधी, मी स्वतः टेबलावर पालथी झोपते आणि म्हणते, ‘माझी पाठ तपास.’ मग हात कसा लागला ते त्याला सांगते.