एका अ‍ॅडॉप्टरवरून

नागपूरच्या बर्डीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यातल्या भर दुपारी पन्नाशीतले दोन सख्खे भाऊ आले. थोरल्याकडे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवान्याखाली काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर, धाकट्याकडे निन्टेंडोची नक्कल असलेला टीव्ही गेम.

"दादाचा डब्बा मेला. माझा पाहा, अजून चालते."

"चालंन नाही तर काय! तुझाच अ‍ॅडॉप्टर लावला न तू याले!"

निदान तिथंच झालं. दोन्ही नऊ व्होल्टचे, पिनही बसते. पण स्पेक्ट्रमला पिनेच्या आत ऋण लागतं आणि धाकट्याच्या अ‍ॅडॉप्टरला आत धन होतं.

उघडून पाहिलं. पॉवरचा ट्रान्झिस्टर उडालेला. तो बदलला तरी पडद्यावर नुसते उभे पट्टे. मेमरीच्या खालच्या 16 केबीसाठी यात 4116 जातीच्या आठ चिपा असतात. अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5 असे तीन व्होल्टेज त्यांना लागतात. प्रत्येक बाइटचा एकेक बिट एकेका चिपेत, त्यामुळे एक मेली तरी मशीन उठत नाही. बोट लावत गेलो, एक चटका देत होती. जुन्या बोर्डावरची काढून लावली आणि पडद्यावर कॉपीराइटची ओळ आली, म्हणजे मशीन उठलं.

थोरल्याने पी हे एकच बटण दाबलं. प्रिंट हा आदेशाचा पूर्ण शब्द उमटला. मग त्यांनी आठवून चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, पडद्याच्या बॉर्डरचे रंग बदलणारा.

"एवढ्या वेळात मी पहिली लेव्हल पार केली असती," धाकटा म्हणाला.

खेळापुरतं त्याचं खरं आहे. निन्टेंडोच्या 1983च्या मूळ फॅमिकॉममध्ये चित्रासाठी वेगळी चिप, 64 स्प्राइट (म्हणजे खेळातली हलती चित्रं), पडदा सरकवायची सोय. प्रोसेसरला रॅम जेमतेम 2 केबी. 1982च्या स्पेक्ट्रममध्ये 48 केबी, पण 6912 बाइटचा पडदा झेड-80 या प्रोसेसरलाच हलवावा लागतो. वर आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग, म्हणून हिरो भिंतीजवळ गेला की भिंतीचा रंग त्याला लागतो!

दुरुस्ती करणारा म्हणून मात्र मी थोरल्याच्या बाजूचा. टीव्ही गेमही उघडला होता: सगळं काम डांबराच्या थेंबासारख्या एका काळ्या ठिपक्याखाली. तो गेला की बोर्डच फेकायचा.

दोन्ही अ‍ॅडॉप्टरना वेगवेगळ्या रंगाची टेप लावून दिली. बिल कोणी द्यायचं, यावर भाऊ पुन्हा जुंपले. शेवटी धाकट्यानेच दिलं, पण स्पेक्ट्रम आठवडाभर आपल्या घरी ठेवायच्या अटीवर.