सरड्याचा माणसाला काय उपयोग?

जीवशास्त्र शिकवते म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. कुठल्यातरी प्राण्यावरच्या संशोधनाची बातमी फिरत असते, ती माझ्यापुढे धरून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, या सरड्या-गोगलगायींवर एवढा पैसा घालवून माणसाच्या हाती काय लागतं?" विचारणाऱ्याने "काही नाही" हे उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सरड्यापासूनच सुरू करू. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोतल्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. जाडजूड, सुस्त, शेपटीत चरबी साठवणारा. वर्षाकाठी मोजकी जेवणं झाली तरी त्याचं भागतं. न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात एक्सेंडिन-4 हा रेणू सापडला. तो शोध 1992 साली प्रसिद्ध झाला. ही गोष्ट सगळे योगायोग म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. एंग हॉर्मोनांवर काम करणारे डॉक्टर. काही सापांच्या नि सरड्यांच्या विषाचा प्राण्यांच्या स्वादुपिंडावर परिणाम होतो हे आधीच छापून आलेलं होतं. आणि हिस्टिडीन या अमिनो आम्लाने सुरू होणारे रेणू हुडकायची पद्धत एंग यांनी स्वतः बसवली होती. चाळण हातात घेऊनच ते त्या विषापाशी गेले होते.

सापडलेला रेणू आपल्या ओळखीतला निघाला. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हॉर्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि तेही रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हाच. मधुमेहावर आणखी काय हवं? पण रक्तातलं एक एन्झाइम त्याची सुरुवातीची दोन अमिनो आम्लं तोडून टाकतं आणि दोनेक मिनिटांत त्याचा कारभार आटोपतो. सरड्याचा रेणू त्याच्याशी जेमतेम निम्मा जुळतो. मात्र जिथे तोड पडते त्या दुसऱ्या जागेवर आपल्याकडे अ‍ॅलनिन असतं, तर त्याच्याकडे ग्लायसिन. तिथे एन्झाइमची डाळ फारशी शिजत नाही आणि रेणू तासन्‌तास टिकतो. त्याच रेणूची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत म्हणजे एक्सेनाटाइड. हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला 2005 साल उजाडलं.

याला जोडून येणारा दुसरा प्रश्न म्हणजे ओझेम्पिक या मधुमेहावरच्या इंजेक्शनमध्ये सरड्याचं विष असतं का. नसतं. त्यातलं सेमाग्लुटाइड हे माणसाच्याच जीएलपी-1चं सुधारून घेतलेलं रूप आहे. पण सुधारणा कुठे केली ते पाहा: एक बदल त्याच दुसऱ्या जागेवर! शिवाय मेदाम्लाची एक साखळी जोडली, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. सरड्याचं काम माझ्या मते त्याच्या आधीच झालं होतं. असा रेणू शरीरात टिकतो आणि औषध म्हणून चालतो, याची खात्री एक्सेनाटाइडने करून दिली होती.

हॉर्सशू क्रॅबचं नशीब इतकं चांगलं नाही. (नावात खेकडा असला तरी नात्याने तो कोळ्याला जवळचा.) त्याचं रक्त तांब्यामुळे निळं दिसतं, आणि काही जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष किंचितही लागलं की त्याच्या रक्तपेशींचा अर्क गोठतो. इंजेक्शनं आणि सलाइन सुरक्षित आहेत की नाहीत, हे 1970च्या दशकापासून याच अर्काने तपासतात. त्यासाठी हे प्राणी पकडायचे, रक्त काढायचं आणि पुन्हा समुद्रात सोडायचे. त्यातले काही मरतातच. त्या रक्तातलं, एंडोटॉक्सिन ओळखणारं फॅक्टर सी हे प्रथिन प्रयोगशाळेत बनवायची वाट सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकातच काढली. अशा कृत्रिम चाचण्यांचं स्वतंत्र प्रकरण अमेरिकेच्या औषधसंहितेत लागू झालं ते मात्र मे 2025 मध्ये. इतका उशीर कशासाठी, म्हणून मला अजूनही चीड येते.

बातमीतून नेमकी हीच वर्षं गळतात. उंदरात काहीतरी दिसलं की मथळ्यात कर्करोगावर इलाज सापडलेला असतो. म्हणून बातमी पुढे आली की मी आधी विचारते, प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर झाला असेल तर किती जणांवर, आणि तुलनेला दुसरा गट होता का? बहुतेक वेळा गप्पा इथेच आटोपतात.

आणि काही शोधांकडून औषधाची अपेक्षाच करू नये. 2024 मध्ये केनियातल्या रानटी हत्तींच्या हाकांचं संगणकाकडून विश्लेषण करून घेतलं, तेव्हा ते एकमेकांना नावासारख्या हाकांनी बोलावत असावेत असं दिसलं. स्वतःसाठी मारलेली हाक स्पीकरवरून ऐकवली की हत्ती लवकर प्रतिसाद देत, त्या दिशेने येत. दुसऱ्याच्या हाकेला तेवढी दाद देत नसत. याने कुणाची साखर उतरायची नाही. मला मात्र गेल्या काही वर्षांतल्या बातम्यांत हीच सगळ्यात जास्त आवडली, आणि वर्गात ती सांगायची संधी मी सोडत नाही. पंचाईत एवढीच, की हत्तीच्या त्या घुमण्याचा बराचसा भाग आपल्या कानांना ऐकूच येत नाही. ध्वनिमुद्रणाचा वेग वाढवून ऐकवावं लागतं.